भाषा बदलणारी कळ

संगणकावरच्या मराठीचा इतिहास सांगताना बहुतेक जण फाँटपासून सुरुवात करतात आणि युनिकोडपाशी येऊन थांबतात. अक्षर पडद्यावर कसे उमटले, ते कोणत्या सांकेतिक क्रमांकाने साठवले गेले, एका संगणकावरचा मजकूर दुसऱ्यावर का वाचता येईना, हा त्या इतिहासाचा ठरलेला मार्ग आहे. तो चुकीचा नाही, अपुरा आहे. अक्षर उमटण्याच्या आधी एक गोष्ट घडावी लागते: पुढची कळ इंग्रजी समजायची की मराठी, हे संगणकाला सांगावे लागते. ते सांगणारी कळ साधी नसते. समोर वर्ड उघडलेले असो, एक्सेल असो की ब्राउझर, मागे पडद्याआड चालणाऱ्या मराठीच्या प्रोग्रॅमला ती कळ दाबल्याचे समजलेच पाहिजे. दुसऱ्याच्या खिडकीत दाबलेली कळ आपल्याला ऐकू येणे, यालाच संगणकाच्या व्यवहारात ग्लोबल शॉर्टकट म्हणतात. जगभर ही सोय गाणे थांबवायला किंवा पडद्याचे चित्र टिपायला वापरली जाते. मराठीला मात्र ती लिहिता येण्यासाठीच लागली. ही कळ कोणाची, हे ठरवण्याची जबाबदारी चाळीस वर्षांत कोणी घेतली नाही आणि त्याचा भार छोट्या गावांतल्या टायपिंग करणाऱ्यांवर पडला, असे माझे म्हणणे आहे.

छोटे गाव म्हणून डहाणू तालुक्यातले कासा घेऊ. डहाणू-जव्हार रस्त्यावर, मुंबई-अहमदाबाद महामार्गावरच्या चारोटी नाक्याजवळचे हे गाव. इथे उपजिल्हा रुग्णालय आहे, पोलीस ठाणे आहे आणि आसपासच्या पाड्यांवरच्या लोकांची कामे आहेत. वेठबिगारीविरुद्ध १९४५ साली वारल्यांनी जो उठाव केला, त्याचा हा मुलूख. कोणाच्या नावावर काय लिहिले आहे याची किंमत इथल्या माणसांनी मोजलेली आहे. आज हा अनुसूचित क्षेत्राचा भाग आहे. पेसा कायद्याखालचे ग्रामसभेचे ठराव, २००६ च्या वनहक्क कायद्याखालचे दावे, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आश्रमशाळेतला प्रवेश हे सगळे मराठी कागदावर चालते. १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने राज्याचा कारभार मराठीत आणला आणि २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने दाखले ठरल्या मुदतीत देण्याचे बंधन घातले. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला, तोवर ऑनलाइन अर्जाची रीत रुळू लागली होती. अशा अर्जात नाव एकदा मराठीत आणि एकदा इंग्रजीत भरावे लागते. पत्ता मराठीत, ईमेल इंग्रजीत, पासवर्ड इंग्रजीत. एका अर्जापायी भाषा पुन्हा पुन्हा बदलावी लागते. भाषा बदलली आहे असे समजून टाइप केलेला पासवर्ड तर ठिपक्यांआड लपलेला असतो, म्हणून चूक दिसतही नाही.

टंकलेखन यंत्राच्या काळात हा प्रश्न नव्हता, कारण तो लाकडी टेबलांनी सोडवला होता. कचेरीत मराठीचे यंत्र वेगळे आणि इंग्रजीचे वेगळे. भाषा बदलायची तर खुर्ची बदलायची. यंत्रावर शिफ्टची कळ होती. रेमिंग्टनने १८७८ च्या आपल्या दुसऱ्या नमुन्यात ती आणली आणि एकाच कळेतून दोन अक्षरे काढण्याची युक्ती जगभर पसरली. मराठीच्या यंत्राने तिचा पुरेपूर उपयोग करून घेतला. अर्धी अक्षरे, काने, वेलांट्या, रफार यांची दाटी त्या मोजक्या कळांवर बसवली गेली आणि तो कळफलक टायपिंग इन्स्टिट्यूटांतून पिढ्यांच्या बोटांत उतरला. गोदरेज कंपनीने १९५५ साली देशात यंत्रे बनवायला सुरुवात केली आणि २००९ साली त्यांचे उत्पादन थांबवले. यंत्र गेले, बोटांतला कळफलक राहिला. ही गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे, कारण पुढची बरीच गुंतागुंत तिच्यातून निघते.

संगणक आला आणि दोन यंत्रांची जागा एका यंत्राने घेतली. डॉसच्या काळात एका वेळी एकच प्रोग्रॅम चाले, मग मागचा प्रोग्रॅम कळ ऐकणार कसा? कळ दाबली की कळफलक प्रोसेसरला खूण करतो आणि त्या खुणेसरशी एक ठराविक छोटा प्रोग्रॅम चालतो. त्याचा पत्ता मेमरीत एका ठरलेल्या जागी लिहिलेला असे. ती जागा कोणीही बदलू शके. मेमरीत ठाण मांडून बसणारा प्रोग्रॅम आपला पत्ता तिथे लिहायचा, प्रत्येक कळ आधी स्वतः तपासायचा आणि आपली नसेल तर जुन्या पत्त्याकडे पाठवायचा. बोरलँड कंपनीच्या साइडकिकने १९८४ साली ही युक्ती घरोघरी पोहोचवली: कंट्रोल आणि ऑल्ट एकत्र दाबले की चालू कामावर टिपणवही आणि गणकयंत्र उघडे. असे दोन-तीन प्रोग्रॅम एकामागून एक बसवले की कोण आधी ऐकणार हे बसवण्याच्या क्रमावर ठरे आणि एकाने कळ पुढे पाठवली नाही तर बाकीचे मुके होत. म्हणजे कळेची मालकी पहिल्यापासूनच नियमाने ठरत नव्हती, जो शेवटी येऊन बसला त्याची होत होती.

याच काळात भारतीय लिप्यांचे काम उभे राहत होते. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले जिस्ट तंत्रज्ञान १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅककडे आले. मोहन तांबे हे त्यामागचे प्रमुख नाव. संगणकात एक जादा कार्ड बसवायचे आणि इंग्रजीसाठी लिहिलेल्या वर्डस्टार, डीबेससारख्या प्रोग्रॅममध्येही देवनागरी उमटवायची, ही त्यातली हिंमत विलक्षण होती. त्याच्या जोडीला इन्स्क्रिप्ट कळफलक आला, १९८६ पासून आकाराला आलेला आणि भारतीय लिप्यांच्या सांकेतिक क्रमांकांच्या इस्की या १९९१ च्या भारतीय मानकात नोंदलेला. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला, आणि सर्व भारतीय लिप्यांना एकच मांडणी. डहाणू-तलासरीसारख्या गुजरातच्या सीमेवरच्या भागाला ही मांडणी फार सोयीची आहे, कारण मराठीचा ‘क’ ज्या कळेवर तिच्याचवर गुजराती ‘क’ बसतो. भाषा बदलण्याचे काम या परंपरेत कॅप्स लॉककडे दिले गेले. देवनागरीत मोठी-छोटी लिपी नाही, तेव्हा ती कळ मराठीच्या दृष्टीने रिकामीच होती. हा विचार नेमका होता आणि तो मानकाच्या पातळीवर झाला होता. विंडोजच्या काळात तो टिकला असता तर हा लेख लिहायची गरज पडली नसती.

तो टिकला नाही, कारण विंडोजवर मराठीचे काम कार्डाकडून अनेक कंपन्यांच्या प्रोग्रॅमकडे गेले. सी-डॅकचे आयएसएम, पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे श्रीलिपी, बंगळुरूच्या सायबरस्केपचे आकृती ही नावे कचेऱ्यांत आणि छापखान्यांत घरची झाली. या प्रोग्रॅमना एका भाषाबदलाच्या कळेपेक्षा बरेच जास्त ऐकावे लागे. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले फाँट होते. एक कळ दाबली तर कधी दोन-तीन तुकडे पाठवावे लागत, ऱ्हस्व वेलांटी आधी, अक्षर मागून, रफार सगळ्यांच्या शेवटी. त्यासाठी प्रत्येक कळ वाटेत अडवून तिच्या जागी दुसरे काही पाठवणे भाग होते. विंडोजमध्ये याची रीतसर सोय आहे, तिला हूक म्हणतात: कळ समोरच्या खिडकीला मिळण्याआधी हूक लावणाऱ्याला दाखवली जाते. केवळ एक ठराविक जोडी ऐकायची असेल तर रजिस्टर हॉट की नावाची हलकी सोयही आहे. प्रोग्रॅमने विंडोजकडे जोडी नोंदवायची आणि ती दाबली गेली की निरोप यायचा. एकाने नोंदवलेली जोडी दुसऱ्याला मिळत नाही. हा नियम डॉसपेक्षा बरा, पण तिथे शेवटी आलेल्याची कळ होती, इथे आधी आलेल्याची झाली.

कोणती कळ निवडायची हे प्रत्येक कंपनीने आपापले ठरवले आणि त्यातून कळफलकावर जे झाले ते समजण्याजोगे आहे. कॅप्स लॉक, नम लॉक आणि स्क्रोल लॉक या तिघींकडे मराठी प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा वळले. कारण माझ्या मते त्यांच्या दिव्यात आहे. मोठ्या कळफलकावर याच तीन कळांना दिवा असतो आणि आपण आत्ता कोणत्या भाषेत आहोत हे मान वर न करता सांगणारी दुसरी कोणतीही खूण तेव्हा नव्हती. मराठी टायपिंगच्या वर्गात शिकवले जाते ते ‘स्क्रोल लॉक लावा’ हे वाक्य या दिव्यामुळे आले असावे. पण स्क्रोल लॉक रिकामी नव्हती. ती चालू असली की एक्सेलमध्ये बाणाच्या कळा पुढच्या रकान्यात न नेता सगळा तक्ताच सरकवतात, आणि ज्या कचेरीत याद्या एक्सेलमध्ये मराठीत करायच्या तिथे ही अडचण रोजची. पुढे लॅपटॉप आले, जागा वाचवण्यासाठी पहिली कात्री स्क्रोल लॉकवर चालली. जिच्यावर मराठीची सवय बसली होती ती कळच यंत्रावरून नाहीशी झाली. दुसऱ्या प्रोग्रॅमनी वेगळ्या वाटा धरल्या, त्याही मोकळ्या नव्हत्या. बरहाने एफ ११ घेतली, ती ब्राउझरमध्ये पडदा पूर्ण करते. गूगलच्या लिप्यंतर साधनाने कंट्रोल आणि जी घेतली, ती जोडी वर्डमध्ये पानावर उडी मारण्याची. कळफलकाच्या कळा गावाच्या गायरानासारख्या सर्वांच्या सामाईक आहेत. ज्या गायरानाला ग्रामसभेचा नियम नाही तिथे जो कुंपण आधी घालील त्याचे ते होते, आणि मराठीला दर वेळी कुंपण कोणीतरी आधीच घातलेले आढळले.

जिथे कळ मिळाली तिथेही ती सगळीकडे ऐकू येईल याची खात्री नव्हती. याला कारण विंडोजमध्ये झालेले दोन बदल. दोन्ही योग्य होते, दोन्हींनी मराठीला अडवले. पहिला विस्टापासूनचा: जास्त अधिकाराने चालणाऱ्या खिडकीतल्या कळा कमी अधिकाराच्या प्रोग्रॅमला दाखवायच्या नाहीत, असा दंडक आला. मराठीचा प्रोग्रॅम साध्या अधिकाराने सुरू केला आणि समोरचा प्रोग्रॅम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालत असला तर भाषा बदलणारच नाही. ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर करा’ ही सूचना मराठी टायपिंगच्या जगात मंत्रासारखी का फिरत राहिली, त्याचे उत्तर यात आहे. दुसरा बदल ६४ बिटच्या विंडोजचा. जुन्या पद्धतीच्या हूकमध्ये मराठी प्रोग्रॅमचा तुकडा प्रत्येक चालू प्रोग्रॅमच्या आत शिरवला जाई, आणि ३२ बिटचा तुकडा ६४ बिटच्या प्रोग्रॅममध्ये शिरू शकत नाही. ज्या साधनांनी ही पद्धत धरली ती एका खिडकीत चालत आणि शेजारच्या खिडकीत नाही. नव्या पद्धतीच्या हूकला ही अडचण नाही, पण त्याला मुदत आहे. ठरल्या वेळेत त्याने उत्तर दिले नाही तर विंडोज ७ पासून त्याला काही न सांगता काढून टाकले जाऊ शकते. संगणक जुना आणि हळू असेल तेव्हाच ही मुदत चुकण्याची शक्यता जास्त. मोठ्या शहरात बिघाड समजावून सांगणारा माणूस जवळ असतो. गावातल्या दाखला केंद्रात भाषा अचानक बदलेनाशी झाली की रांगेतल्या माणसाला ‘सर्व्हर डाऊन आहे’ एवढेच ऐकू येते, आणि पाड्यावरून आलेल्या त्याचा एक दिवस आणि एक दिवसाची मजुरी जाते.

यावर एक आक्षेप लगेच येईल: हा सगळा जुना काळ झाला, युनिकोडने तो संपवला. विंडोज २००० पासून मराठी कळफलक विंडोजच्या आतच आहे, ऑल्ट आणि शिफ्ट दाबले की भाषा बदलते, विंडोज ८ पासून विंडोज आणि स्पेस दाबले तरी बदलते. हूक नको, कार्ड नको. हे खरे आहे, आणि माझ्या म्हणण्याचा सर्वांत भक्कम पुरावाही हाच आहे. जेव्हा भाषा बदलण्याचे काम ऑपरेटिंग सिस्टिमने स्वतःकडे घेतले, तेव्हाच ती कळ प्रत्येक खिडकीत खात्रीने ऐकू येऊ लागली. पण विंडोजने जो मराठी कळफलक आत घेतला तो इन्स्क्रिप्टचा. २०१९ साली त्याच्या जोडीला उच्चारानुसार टाइप करण्याची सोय आली. टंकलेखन यंत्राच्या, रेमिंग्टन म्हणवल्या जाणाऱ्या मांडणीवर ज्यांची बोटे तयार झाली आणि टायपिंगच्या परीक्षांसाठी अजून होत आहेत, त्यांना विंडोजच्या आत मराठी आहे आणि तरीही नाही. म्हणून बाहेरचा प्रोग्रॅम, त्याचा हूक आणि त्याची उसनी कळ आजही संगणकावर राहते. अडचण टायपिंग करणाऱ्यांच्या हट्टात नाही. राज्याने एक कळफलक शिकवायचा, मानकाने दुसरा सांगायचा, आणि दोघांमधले अंतर एका खासगी प्रोग्रॅमने भरून काढायचे, ही रचनाच चुकीची आहे. लिनक्सकडे पाहिले तर याला पर्याय आहे हे दिसते. तिथे कोणताही कळफलक सिस्टिमच्या यादीत भरता येतो आणि भाषा बदलण्याची कळ कोणती हे एका जागी ठरवता येते.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो सुरक्षिततेचा आहे. दुसऱ्याच्या खिडकीतली कळ ऐकण्याची सोय म्हणजेच दुसऱ्याचा पासवर्ड ऐकण्याची सोय. मराठी टाइप करून देणारा हूक आणि बँकेचा पासवर्ड चोरणारा हूक यांत यंत्राच्या दृष्टीने फरक नाही. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. जगही त्याच दिशेने गेले आहे. ॲपलने २०१९ च्या कॅटालिनापासून कळा ऐकू पाहणाऱ्या प्रोग्रॅमला वापरणाऱ्याची उघड परवानगी घ्यायला लावली. लिनक्सच्या वेलँड रचनेने तर एका खिडकीच्या कळा दुसऱ्याला ऐकवणे मुळातच बंद केले, आणि ग्लोबल शॉर्टकट हवा असेल तर तो सिस्टिमकडे मागण्याची वेगळी खिडकी उघडली. विंडोजने कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट ही तिकडी एनटीच्या पहिल्या आवृत्तीपासून कोणत्याही सामान्य प्रोग्रॅमच्या हाती लागू दिलेली नाही, कारण लॉगिनची खिडकी खरी आहे याचा तोच भरवसा. हे सगळे पाहिले की निष्कर्ष एकच निघतो. जी कळ सर्वांच्या भरवशाची असायला हवी ती सिस्टिमने राखून ठेवायची असते. लॉगिनसाठी ती राखली गेली. ज्या दाखला केंद्रात शेकडो लोकांची आधार आणि बँकेची माहिती टाइप होते, तिथे भाषा बदलण्यासाठी प्रत्येक कळ ऐकणारा बाहेरचा, बऱ्याचदा कुठून तरी उतरवून घेतलेला, ॲडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने चालवलेला प्रोग्रॅम असावा, हे कोणत्याही कसोटीवर बसत नाही. मराठीच्या सोयीचा आणि सुरक्षिततेचा मुद्दा इथे एकच आहे.

कोणी म्हणेल, आता सगळे फोनवर लिहितात, कळफलकाचे दिवस गेले. फोनवर लिहिणे वाढले यात शंका नाही, आणि तिथे भाषा बदलण्याचे बटण पडद्यावरच दिसते. पण ते आपोआप झाले नाही. भारतीय मानक ब्युरोने २०१६ साली फोनसाठी मानक काढले, त्यात इंग्रजी, हिंदी आणि आणखी एका भारतीय भाषेत लिहिता आले पाहिजे आणि २२ भाषांतला मजकूर वाचता आला पाहिजे असे घातले, आणि सरकारने ते विक्रीसाठी बंधनकारक केले. म्हणजे यंत्रावर भाषेची सोय हवी असा हुकूम काढता येतो, आणि तो पाळला जातो. संगणकाच्या कळफलकाला तो लागला नाही एवढेच. आणि सातबारा, ठराव, पंचनामा, रुग्णालयातला अहवाल हे अजून संगणकावरच तयार होतात. नागरिक फोनवर लिहितो, पण त्याच्याबद्दलचा कागद दुसरा कोणीतरी कळफलकावर लिहितो.

ज्या देशांनी हा प्रश्न वेळेवर ओळखला त्यांनी तो कळफलकावरच सोडवला. जपानमध्ये विकल्या जाणाऱ्या कळफलकावर डाव्या कोपऱ्यात जपानी लेखन चालू-बंद करण्याची स्वतंत्र कळ असते. कोरियात स्पेसच्या उजवीकडे कोरियन आणि इंग्रजी यांच्यात ये-जा करणारी कळ असते, तिच्यावर तेच छापलेले असते. त्या कळेवर दुसऱ्या कोणत्याही प्रोग्रॅमचा हक्क नसतो, म्हणून तिथे कोणाला स्क्रोल लॉक शोधत बसावे लागत नाही. आपल्याकडेही कळफलक बदलता येतो हे सिद्ध झालेले आहे. २०१० साली रुपयाचे चिन्ह ठरले आणि ते इथे विकल्या जाणाऱ्या कळफलकांवर छापले जाऊ लागले. चिन्हाला जागा मिळाली, भाषेला मिळाली नाही.

यासाठी नवा शोध लागत नाही. महाराष्ट्र शासन दरवर्षी कार्यालयांसाठी संगणक घेते. त्या खरेदीच्या अटींत भाषा बदलण्याची स्वतंत्र, छापील कळ असलेला कळफलक मागता येईल. शासनाच्या स्वतःच्या परीक्षांमध्ये ज्या कळफलकावर मुलांची बोटे घडवली जातात, तो ऑपरेटिंग सिस्टिमच्या आत बसवून घेण्यासाठी सी-डॅक आणि मराठी भाषा विभाग यांनी मायक्रोसॉफ्टकडे आणि लिनक्सच्या मंडळींकडे रीतसर मागणी करावी. इन्स्क्रिप्टच शिकवायचा असे ठरले तर परीक्षाही त्यावरच घ्याव्यात, पण दोन कळफलक आणि मधे एक हूक ही अवस्था संपवावी. आणि मुंबई-पुण्याच्या कचेऱ्यांआधी हे डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा या तालुक्यांत सुरू करावे, कारण कळ चुकल्याची किंमत तिथला अर्जदार आपल्या मजुरीतून भरतो.